तुऱ्याचे पडदे

नगरच्या कापडबाजारातल्या दुकानात विजयमाला कोऱ्या कापडाचं टोक दोन बोटांत चोळून बघत होती आणि दुकानदार शपथेवर सांगत होता की ह्यात खळ म्हणून नाही, तेवढ्यात तिचा फोन वाजला. खळ नाही म्हणे. बोटांना एवढं पीठ लागलं होतं की फोडणी दिली असती तर घरातल्या माणसांपुरतं पिठलं झालं असतं. तिनं पीठ पदराला पुसलं आणि फोन घेतला. कोपरगावची संस्कृती होती. दिवाळीच्या आधी जिच्या नव्या बंगल्याच्या हॉलसाठी विजयमालानं पडदे रंगवून दिले होते, ती त्या घरातली सून. "काकू, बिझी आहात का? पडद्यांचा जरा प्रॉब्लेम झालाय." विजयमालानं विचारलं, "रंग गेला का?" "नाही हो, रंग कसला जातोय. तुम्ही येऊन बघाल का? उद्या गाडी पाठवते. फोनवर सांगून नाही कळायचं. पप्पा तर दोन दिवस जेवले नाहीत नीट." सासऱ्यांना ती पप्पा म्हणायची. विजयमाला म्हणाली, "पाठव गाडी," आणि फोन ठेवला. मग तिनं भाव न करता कापड फाडून घेतलं. दुकानदार हातातली कात्री तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत ही बाई भाव न करता दुकानातून गेली नव्हती, त्याला वाटलं हिला घेरी येतेय.

घेरी नव्हती. आनंद होता. म्हणजे कळलं तर त्याला. इतक्या उशिरा का होईना, त्या अंगदरावाच्या, संस्कृतीच्या सासऱ्याच्या, डोक्यात उजेड पडला. रिक्षात बसून सावेडीला येईपर्यंत ती स्वतःशीच हसत होती. घरी नवरा, कल्याण, पेपर घेऊन बसला होता. तो एकच पेपर सकाळी वाचायचा, दुपारी वाचायचा, आणि संध्याकाळी त्यातली बातमी तिला नवी म्हणून सांगायचा. त्यानं मान वर करून तिच्या तोंडाकडे बघितलं. "कुणाशी भांडून आलीस?" ती म्हणाली, "अजून नाही."

तिला कुणीच पटत नसे, असं कल्याणचं म्हणणं. पटण्यासारखं कुणी समोर येतच नव्हतं, त्याला ती काय करणार? पंचवीसेक वर्षं झाली असतील, ती लोकांच्या पडद्यांवर, चादरींवर, उशांच्या अभ्र्यांवर पानं-फुलं रंगवून देत होती. कापड धुऊन खळ काढायची, जुन्या खाटेच्या चौकटीवर ढोलकीसारखं ताणून बसवायचं, हातानं रंगवायचं, वाळलं की उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची. हे सगळं मन लावून करायचं, आणि मग गिऱ्हाईक यायचं. गिऱ्हाइकाला निसर्ग हवा असतो. घरातला निसर्ग, धूळ न येणारा, डास नसलेला, आणि सोफ्याला मॅच होणारा. एका बाईंनी पक्षी मागितला, पण चोच पूर्वेला हवी, पश्चिमेला चोच केली तर पैसा जातो म्हणे. एका प्राध्यापकाच्या बायकोला सीताफळं आवडली नाहीत, कारण ती फार खरी दिसत होती, त्यांना गुळगुळीत हवी होती. पूर्वी सगळ्यांना मोर लागायचा. आता सगळ्यांना एक परदेशी पान लागतं, जागोजागी भोकं पडलेलं, किडीनं खाल्ल्यासारखं. किडीनं खाल्लेलं पान बघायचं तर राहुरीकडे कुठल्याही कपाशीत जाऊन बघा, फुकट आहे. पण ते बेडरूममध्ये टांगायचं आणि त्याखाली झोपायचं. विजयमाला कधी भांडली नाही. ती फक्त थापा मारायची. अगदी सरळ तोंड ठेवून सांगायची, की ही वेल राजूरच्या वरच्या डोंगरात मिळते, माहेरवाशिणीनं हात लावला तरच फुलते, सासुरवाशिणीनं लावला तर आठ दिवस रुसते, पाणी घेत नाही. बायका श्वास रोखून ऐकायच्या आणि आणखी दोन अभ्रे घेऊन जायच्या. ती जे खरं रंगवायची, पानाच्या कडेला आलेला तांबूसपणा, देठाच्या बगलेतला डोळा, ते कधी कुणाला दिसलं नाही. ती जे खोटं बोलायची ते सगळ्यांनी खाल्लं. अशा लोकांचा आदर कसा करायचा, हे कल्याणनं पेपर बाजूला ठेवून एकदा सांगावं.

संस्कृती आली होती ती पावसाळा संपता संपता. गॉगल डोक्यावर, मोबाईल हातात. "काकू, मला काहीतरी लोकल हवंय. आमच्या मातीशी कनेक्ट होणारं. पण ब्राऊन नको." विजयमालानं हे वाक्य मनात नीट घडी करून ठेवलं, असं वाक्य रोज मिळत नाही. माती हवी, पण तपकिरी नको. मग मापं झाली, आणि पडदे पोचवायचे कुठे म्हणून पत्ता विचारला तेव्हा पोरगी म्हणाली, "कोपरगावला येऊन अंगदरावांचं घर विचारा, कुणीपण सांगेल. कालव्याच्या पुलाजवळ. आमचा सगळा ऊसच आहे ना." विजयमालाचा हात मापाच्या पट्टीवर तसाच राहिला. अंगदराव. कालव्याच्या पुलाजवळचे. म्हणजे तोच.

तोच तो, पोह्यांतले शेंगदाणे तेवढे वेचून खाणारा. तेव्हा विजयमाला विशीतली होती आणि राहात्याला तिच्या वडिलांच्या घरी तिला बघायला जीप भरून माणसं आली होती. पोरीला बघायला आले की पोरीच्या हाताचं काम मांडून ठेवायची पद्धत होती. कुणाचा बटणांचा राजहंस, कुणाची मण्यांची परडी. विजयमालाचा रंगवलेला टेबलक्लॉथ होता, निळ्या फुलांचा. मुलानं घड्याळ बघितलं, शेंगदाणे खाल्ले, पुन्हा घड्याळ बघितलं. मुलाची आई, छबूबाई, अंगापिंडानं भरलेली, नाकात नथ नसतानाही नथ घातल्यासारखी मान धरणारी, तिनं विचारलं, "कंची फुलं म्हनायची ही?" आणि विजयमालाच्या जिभेवर खाज सुटली. ती म्हणाली, "ही प्रवरेच्या काठाला येतात. रेल्वेची शिट्टी ऐकली की मिटतात." कुणी हसलं नाही. छबूबाईनं अंगठा जिभेला लावून ओला केला आणि निळ्या फुलावर खसाखसा घासला. मग अंगठा उजेडात धरून बघितला. नंतर तोच अंगठा घेऊन विजयमालाकडे बघितलं, जणू आता तिच्या गालावर घासून बघायचा होता. "रंग न्हाई जात," ती आपल्या नणंदेला म्हणाली, हळू बोलल्यासारखं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पन पोरगी लई बाता मारती." जीप सुरू झाली तेव्हा जीपमधून हसण्याचा आवाज आला. नकाराचा निरोप मध्यस्थाकडून आला, तोही दुसऱ्या कामाला आला होता म्हणून. लग्न जमलं नाही ह्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. शेंगदाणे वेचणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे उरलेले पोहे आपण खायचे. पण तो ओला अंगठा. कधी वरणात चमचा फिरवताना, कधी ब्रश बुडवताना, तो अंगठा मधेच येऊन कुठेतरी घासून जायचा आणि तिचं अंग शहारायचं. माणसाला चपराक विसरता येते, थुंकी लावलेला अंगठा विसरता येत नाही.

तर संस्कृतीला ती म्हणाली, "उसाचंच काढते. तुमच्याच रानातलं." आणि तिनं तुऱ्यावर आलेला ऊस काढला.

आता उसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उसाला तुरा फुटला की शहरातली माणसं गाडी थांबवून फोटो काढतात, चांदीच्या पिसाऱ्यासारखा तो वाऱ्यावर डोलत असतो. पण ज्याचा ऊस असतो तो त्याच्याकडे बघत नाही. तुरा आला म्हणजे उसाची वाढ संपली, आतून पोकळ होऊन दशी पडायला लागली, वजन उतरलं. म्हणजेच वेळेवर तोड मिळाली नाही, कारखान्यानं ह्याचा ऊस उभा ठेवला आणि दुसऱ्याचा आधी नेला. विजयमालाच्या चुलत्याचा एके वर्षी तुऱ्यावर गेला होता, तर महिनाभर तो माणूस घरी मागच्या वाटेनं यायचा, पारावरून यायला नको म्हणून. आणि अंगदरावाची सगळी मिजास काय, तर आपली तोड पहिली. त्याच्या हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, जमिनीपासून छतापर्यंत तुऱ्यावर गेलेला ऊस टांगायचा. म्हणजे ह्या माणसाला कारखान्यात कुत्रं विचारत नाही असा फलकच, आणि तोही त्यानंच ऑर्डर देऊन लावलेला. तिला हे सुचलं तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी राहून इतकी हसली की कल्याणनं टीव्हीचा आवाज वाढवला.

पण एक गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती. खोडी काढायला म्हणून ती बसली आणि तिच्या हातून जन्मात झालं नव्हतं असं काम व्हायला लागलं. खोडी लागायची तर ऊस खरा दिसला पाहिजे. रानात तुरा दिसला तशी ती बसनं राहुरीच्या पुढे जाऊन बांधावर उभी राहिली. तुरा पांढरा नसतोच. कोवळा असतो तेव्हा त्यात जांभळट राख मिसळलेली असते, उन्हं मागून आली की मग तो चांदीचा होतो. ब्रशाचे केस तिनं दातांनी विस्कटले, रंग पुसून ब्रश जवळजवळ कोरडा केला आणि कापडाला लागतो न लागतो असा फिरवला. पात्यांची एक कड पिवळी केली. कांड्यावरच्या डोळ्यांतून फुटलेल्या पांगशा काढल्या, तुऱ्यावर गेलेला ऊस बाजूनं फुटतो तशा. बुडाशी वाळल्या पानांचं पाचट. तिच्या पाठीला कळ लागायची, डोळ्यांसमोर पाती हलायची, रात्री मिटल्या पापणीआड सळसळ ऐकू यायची. द्वेषानं माणूस इतकं बारीक बघायला लागतो हे तिला माहीत नव्हतं. प्रेमानं तर कधी बघितलं नव्हतं एवढं.

आणि मग काय झालं? काही झालं नाही. वास्तुशांतीचे फोटो आले. पडद्यासमोर अंगदराव, फेटा बांधून. पडद्यासमोर कारखान्याची माणसं, हातात बुंदीचं ताट. पडद्यासमोर संस्कृती, आणि खाली लिहिलेलं, 'माय पम्पास कॉर्नर'. पम्पास म्हणून एक गवत आहे, वाळवून फुलदाणीत ठेवतात, शहरात त्याची फॅशन आहे. तुऱ्याला ती बया पम्पास समजली होती. ठीक आहे, ती बया. पण फेट्याखालचं ते डोकं? जन्म उसात गेला त्या डोक्याचा. त्या डोक्यानं विजयमालाला मोबाईलवर हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि लिहिलं, 'सुंदर'. एखाद्याच्या कानाखाली जाळ काढावा आणि त्यानं म्हणावं, जरा डावीकडे, तिथेच खाजत होतं. तेव्हापासून विजयमाला वाट बघत होती. कुणीतरी पाहुणा येईल, ओळखेल, बोलेल. दिवाळी गेली, थंडी पडली, संक्रांत गेली. आणि आता हा फोन.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. ड्रायव्हरचं नाव बन्सी, मिशा पांढऱ्या आणि केस काळे. मनमाड रस्त्यावर खड्डे एवढे की गाडीनं जायचं का होडीनं, असा प्रश्न पडावा. राहुरीच्या अलीकडे एका खड्ड्यात तर मागच्या उन्हाळ्यात कुणाची तरी म्हैस बसली होती आणि ती तिथेच व्याली, असं विजयमालानं बन्सीला सांगितलं, आणि बन्सी म्हणाला, "आसंल." एवढ्या चांगल्या थापेला एवढंच. थोड्या वेळानं त्यानं आरशातून बघितलं. "म्याडम, ते पडदे तुमीच काढले व्हय?" "हो." "लई भारी. माझ्या मंडळीला वाटलं मशीनवरचे हायत." विजयमाला काचेबाहेर बघायला लागली. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, एकीला मागे टाकलं की पुढे दुसरी. बन्सीच पुन्हा म्हणाला, "साहेब परवापासून हॉलमधी बसतच न्हाईत." तिचे कान टवकारले. "का बरं?" "आता तुमीच बघा. आमी नोकर मानसं." मग मात्र तिनं मनातल्या मनात तालीम सुरू केली. तो लाल होऊन विचारेल, बाई, हे काय काढलंय? आपण डोळे मोठे करायचे. म्हणायचं, का हो, काय झालं? छान पिसारा आहे की. आणि मग, तो पुरता फुगला की, हळूच सांगायचं, मी राहात्याची. निळ्या फुलांच्या टेबलक्लॉथची. तिनं हे वाक्य चार तऱ्हांनी म्हणून बघितलं. राहाता आलं तेव्हा रस्त्याकडेच्या पेरूवाल्या बायका पाट्या घेऊन काचेजवळ आल्या, आणि तिनं काच वर केली. तिच्या मनात एक बारीक भीतीही फिरत होती, चपलेत खडा फिरतो तशी. त्याला कळलं म्हणजे तो गावभर सांगणार. मुद्दाम खोडसाळ काम करणारी बाई म्हणून कोण ऑर्डर देणार आपल्याला? पण न कळण्यापेक्षा ते बरं. काहीही त्यापेक्षा बरं.

बंगल्याला गोल खांब होते आणि गेटवर दोन सिमेंटचे सिंह, त्यांतल्या एकाचं तोंड करणाऱ्याला डुलकी लागली असावी, तो सिंह बोकडासारखा दिसत होता. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि विजयमाला थबकली. पडद्यांवर चादरी टाचल्या होत्या. फुलाफुलांच्या, मशीनवरच्या चादरी, वरून खालपर्यंत. झाकून ठेवले होते. लाज झाकली होती त्यांनी.

अंगदराव आले. फोटोतल्या फेट्यावरून ती लठ्ठ माणसाची तयारी करून आली होती, हा वाळला होता. डोक्याला केस नव्हते, मानेची कातडी सैल. त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं त्यानं तेव्हाही बघितलं नव्हतं, तो शेंगदाणे बघत होता. "या ताई, बसा. तरास दिला तुमाला. तुमच्या कामाची तक्रार न्हाई बरं का. काम एक नंबर हाय." "मग झाकलंय कशाला?" तिनं विचारलं. अंगदरावानं सुनेकडे बघितलं, सुनेनं मोबाईलकडे. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, चिरका पण हुकमी. "अंगद्या, तोड आली का?" "येतीया, आई," अंगदराव ओरडला. "कवा येतीया? ऊस पार तुऱ्यावर गेला. तुझं कुनी ऐकत न्हाई कारखान्यात. बापाचं नाव बुडीवलं."

संस्कृतीनं मग सांगितलं. आजी आतापर्यंत राहात्याला आत्यांकडे होत्या, संक्रांतीला इकडे आणल्या. विसरायला होतं त्यांना, माणसं ओळखत नाहीत. हॉलमध्ये आणून बसवलं आणि पडदे बघून त्या उभ्याच राहिल्या. तेव्हापासून हे चाललंय. जेवायला नको, पदर खोचून रानात निघतात, आणि पाहुणे असोत, कारखान्याची माणसं असोत, सगळ्यांसमोर पप्पांना असं बोलतात. परवा चेअरमन आले होते, त्यांच्यासमोर. "पडदे काढून टाकायचे," विजयमाला म्हणाली. "काढले की काकू. तर रडायला लागल्या, ऊस चोरून नेला म्हणून. घरभर शोधत होत्या. परत लावले तेव्हा गप्प झाल्या. झाकले तर चादरी ओढतात." अंगदरावानं डोक्यावरून हात फिरवला. "मला सुचलं की ताईंकडनं त्यात दोन तोडकरी काढून घ्यावं. कोयतं घेतलेली मानसं. म्हंजी आईला वाटंल तोड लागली."

विजयमालाची खोडी पोचली होती. एकूण एक शब्द पोचला होता, तिनं मनात लिहिला होता तसाच, ज्याला ऐकवायचा त्याच्याच कानात, आणि तो ओतायला त्याची आईच मिळाली होती. ह्यापेक्षा चांगलं तिला थापेतसुद्धा रचता आलं नसतं. मग आनंद का होत नव्हता? ती काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला आवडलाय पिसारा." अंगदराव हसला. मोठ्या मनाचं, माफ करून टाकणारं हसू. "ताई, तुरा हाय म्हनून मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. आमच्यातल्या आनखी दोघा-तिघांनाबी कळलं. पन म्हनलं जाऊ द्या. शहरातली बाई, तिला काय कळतंय उसातलं? दिसलं चांगलं, काढलं चांगलं. कशाला हिनवायचं?"

हॉलभर कसलातरी वास होता, नव्या रंगाचा आणि तुपाचा. तो तिच्या नाकातोंडात बसला. इतके महिने हा माणूस तिची कीव करत होता. तिनं द्वेषानं पांगशा काढल्या, एकेक डोळा काढला, आणि ह्यानं ते बघितलं, ओळखलं, आणि अडाणी बाई म्हणून सोडून दिलं. कळतं मला, असं ओरडावं तर खोडी कबूल होते. गप्प बसावं तर अडाणी ठरते. पहिल्यांदाच तिला वाटलं की तिरस्कारानं बघायला फक्त तीच शिकलेली नाही. समोरच्यानंही तिच्याकडे तसंच बघितलेलं असतं, आणि अंगदरावाचा तिरस्कार गोड होता, त्यात दही-साखर घातलेली होती, म्हणून तर तो पचत नव्हता.

छबूबाई भिंतीला धरत बाहेर आली. अंगावरचं मांस कुठे गेलं होतं कोण जाणे, चिपाड झाली होती. पदर कमरेला खोचलेला. कुणाकडे न बघता ती खिडकीशी गेली आणि चादर ओढली. टाचण्या उडाल्या. उजेड मागून आला आणि ऊस उभा राहिला. विजयमालानं तो खाटेवर आडवा रंगवला होता, असा उभा, उन्हात, तिनं तो पहिल्यांदाच बघितला. म्हातारी जवळ गेली. तिनं तुऱ्याला हात लावला नाही, खाली कांड्यावर लावला. "ह्यो बघ डोळा फुटला," ती म्हणाली. "पांगशा आल्या. आतून दशी पडली आसंल. पात्याला पानी कमी पडलं म्हनून कड पिवळी हाय. बुडाला पाचट कुजतंय." ती एकेक करून बोट ठेवत गेली. एकही जागा तिनं सोडली नाही. विजयमालाला वाटलं आपल्या अंगावरचं कुणीतरी एकेक कापड उतरवतंय आणि आपण उभ्याच आहोत. पंचवीस वर्षांत, तेवढ्या चोचींत आणि भोकांच्या पानांत, हे कधी झालं नव्हतं. आणि झालं ते कुणाकडून, तर जिला आपलं नावही आठवत नाही तिच्याकडून.

म्हातारीनं मान वळवली. "तू कोन गं? टोळीतली का?" अंगदराव पुढे झाला, "आई, ह्या नगरच्या..." विजयमालानं त्याला हातानं थांबवलं. "हो," ती म्हणाली. "टोळीतलीच. पाथर्डीची टोळी. गाड्या मागून येतात, एका बैलाचं शिंग ट्रकात अडकलं म्हणून उशीर झाला." छबूबाईनं तिच्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं आणि पहिल्यांदा त्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. "आडकतं," ती म्हणाली. "मुकादमांनी बगाय नगं व्हय? चल, लाव कोयता."

"काढता येईल ना काकू, तोडकरी?" संस्कृती कुजबुजली. "रंगावर रंग बसत नाही," विजयमाला म्हणाली. "कात्री आण. मोठी." "काकू, अहो..." "आण म्हणते ना."

कात्री आली. ती हातात घेतल्यावर विजयमालाला कळलं की आपल्याला हे करायचं नाहीये. ह्यानंतर असं आपल्या हातून होणार नाही, एवढा राग आता शिल्लक नव्हता. ती तुऱ्याच्या खाली कापायला गेली तर म्हातारी खेकसली, "तितं नगं, बुडातून. वर थोटकं ठिवलं की फुडल्या सालचं खोडवं चांगलं फुटत न्हाई. वाक की जरा. टोळीतली म्हनं." विजयमाला गुडघ्यांवर बसली. कापड जाड होतं, कात्री करकरत गेली. अंगदराव कापड ताणून धरायला वाकला, आईनं सांगितलं म्हणून. बुडापासून ऊस सुटला, संस्कृतीनं स्टुलावर चढून वरून पडदा उतरवला, मग दुसरा, आणि खिडकीबाहेर नुसतं आभाळ राहिलं. छबूबाई म्हणाली, "आता शेंडं छाट." विजयमालानं जमिनीवर पसरलेल्या कापडावरून तुऱ्यांची पट्टी वेगळी केली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं का, ते तिनं बघितलं नाही. म्हातारी वेताचा मोडा ओढून त्यावर बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर रान रिकामं झाल्याचं सुख पसरत होतं. "अंगद्या, मोळी गाडीत टाक," ती म्हणाली. "आनि मला भाकर दे."

संस्कृती तुऱ्यांच्या पट्टीशी वाकली होती. "काकू, हे किती सुंदर राहिलंय ओ. ह्याचा वॉल पीस करू, फ्रेममध्ये. आजींच्या नजरेआड, वरच्या मजल्यावर." तिनं हात पुढे केला. विजयमालानं कात्री त्या पट्टीवर ठेवली. "हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हे वाढं आहे. वाढं तोडणाऱ्याचं असतं."

"मंग," छबूबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मालकानी वाढं ठिवून घेतलं तर टोळी पुना येत न्हाई."

अंगदराव मोळी बांधता बांधता थांबला होता. त्यानं विजयमालाकडे बघितलं, आल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलं. शेंड्याला वाढं म्हणतात आणि ते तोडकऱ्याच्या हक्काचं असतं, हे नगरच्या पडदेवालीला कुणी सांगितलं, असं काहीतरी त्याच्या कपाळावरून सरकत गेलं, आणि मग तिथून मागे मागे, पांगशांपर्यंत, पिवळ्या कडेपर्यंत, थेट 'सुंदर'पर्यंत. मोठ्या मनाचं ते हसू त्याच्या तोंडावरून उतरलं. हसण्याखालचा माणूस दिसायला बराच लहान होता.

"म्हंजी तुमाला कळत हुतं," तो म्हणाला.

"हो," विजयमाला म्हणाली. तिनं तयार केलेली वाक्यं तिला आठवली, राहाता, टेबलक्लॉथ, ती चारी तऱ्हा, आणि तिला ती शिळी वाटली. तिनं तुऱ्यांची पट्टी गुंडाळली, कापडाच्याच काठानं बांधली. पेंढी केवढीशी, काखेत मारून नेता आली असती.

"अंगद्या," म्हातारी म्हणाली, "बगतोस काय बैलासारखा? तिला उचलू लाग."

ओझं डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. अंगदराव जागचा हलेना. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती, आणि विजयमालाला वाटलं हा आता पेंढी खिडकीतून फेकणार. मग तो वाकला. त्यानं कापडाची ती हलकी पेंढी दोन्ही हातांनी, बैलाला वैरण पुरेल एवढी जड असावी तशी, वर उचलली आणि तिच्याकडे न बघता तिच्या डोक्यावर ठेवली. संस्कृती मोबाईल खाली धरून बघत राहिली. विजयमालानं एका हातानं पेंढीला आधार दिला आणि दाराकडे वळली.

"मान सरळ ठिव, पोरी," छबूबाई मागून म्हणाली. "वाट लांबची हाय."

विजयमालानं मान सरळ ठेवली.